चाकांची घडवंची

अक्षयाचं पत्र गणपतीनंतर आलं. गणपतीला ती स्वतः आली नव्हती. मला आता पत्रं येत नाहीत. बँकेचं काहीतरी येतं, एखाद्या मासिकाची वर्गणी संपल्याची सूचना येते, एवढंच. त्यामुळे पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा चुकून दुसऱ्याचं आलं असेल, असंच मला वाटलं. मग अक्षर दिसलं. ते अक्षर ओळखायला मला चष्मा लागत नाही. मी गावच्या वाचनालयात नोकरीला होतो तेव्हा शाळा सुटल्यावर ती तिथे माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून शुद्धलेखन काढायची. तिचा 'क्ष' अजून तसाच आहे, शेपटी लांब ओढलेला.

अक्षया माझ्या धाकट्या भावाची, लवूची मुलगी. मी लग्न केलं नाही. आचऱ्याला लवू, त्याची बायको आनंदी आणि मी एकाच घरात राहतो.

तिने लिहिलं होतं की फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि बाबा माझा फोन घेत नाहीत, म्हणून पत्र. कोल्हापूरला गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये तिचं काम बरं चाललं होतं. सुट्टीच्या दिवशी ती शर्यतीत गाडी चालवते. जुन्या धावपट्टीवर शंकू मांडतात आणि कोण किती कमी वेळात त्यांच्यामधून गाडी काढतो ते बघतात. शर्यतीचे टायर मऊ रबराचे असतात. रस्त्यावर चालवले तर शर्यतीच्या ठिकाणी पोचेपर्यंतच झिजतात. म्हणून तिथपर्यंत साध्या टायरवर जायचं आणि तिथे चारही चाकं बदलायची. ती चार चाकं न्यायची कुठे, हा तिचा प्रश्न होता. गाडी लहान. मागच्या सीटवर चाकं टाकली की हत्यारं मावत नाहीत आणि तिच्याबरोबर येणाऱ्या सलोनीला बसायला जागा उरत नाही.

'टपावर बसेल असा रॅक हवा आहे,' असं तिने लिहिलं होतं. 'तयार मिळतात ते सामानाचे. त्यांच्यावर चाकं बांधली की घाटात सरकतात. गाडी आपल्या जितूदादाकडे आहे तसलीच, त्याच मॉडेलची आहे. असलं काम बाबांसारखं कोणी करत नाही. तुम्ही त्यांना विचाराल का? नाही म्हणाले तर तसं कळवा. पण काहीतरी कळवा.'

मी काही कळवलं नाही.

कळवायचं नव्हतं असं नाही. बऱ्याचदा लिहायला बसलो. पण मला पत्र लिहिता येत नाही, हे मला उतारवयात कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांची चांगली वाक्यं वाचल्यामुळे माझं प्रत्येक वाक्य मला उसनं वाटतं. 'बाप-लेकीच्या नात्यात' असं काहीतरी लिहायचो आणि फाडायचो. शिवाय लिहायचं काय? लवूला विचारलंच नव्हतं. विचारायचं धाडस नव्हतं.

लवू होड्यांचं लोखंडकाम करतो. कठडे, जाळं ओढायच्या कप्पीचे खांब, नांगराचे हूक. घराला लागून त्याची शेड आहे. अक्षया लहानपणापासून त्या शेडमध्ये वाढली, त्याच्याकडेच वेल्डिंग शिकली. मग ती गाड्यांकडे वळली. तेही त्याने चालवून घेतलं. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं. मुलाकडचे बोलणी करायला आले त्या दिवशी ती गोव्याहून शर्यत करून उशिरा पोचली, अंगावर ग्रीसचे डाग, आणि सगळ्यांसमोर म्हणाली की लग्नानंतरही हे सोडणार नाही. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. लवू दारात उभा राहून तिला म्हणाला, "ही गाडी सोडशीत तेवाच ह्या उंबऱ्यार पाय ठेव." तिने तेव्हाच गाडी बाहेर काढली. शर्यतीचे दोन झिजलेले टायर शेडमध्ये मागे राहिले. तेवढंच.

त्यानंतर लवूच्या तोंडून तिचं नाव निघालं नाही. आनंदी चोरून फोन करायची. पण लवूपुढे बोलायची सोय नव्हती. मीही नव्हतो बोलत. मी कुणापुढेच कधी फारसं बोललो नाही.

पत्र माझ्या पुस्तकांच्या कपाटात होतं. दिवाळी गेली, आंब्यांना मोहोर धरायला लागला, तेव्हा लवूचे डोळे दाखवायला आम्ही कणकवलीला गेलो. तो बरेच दिवस सांगत नव्हता. पण त्याने दोनदा वेल्डिंगचा टाका पाइपाच्या बाजूला, हवेतच मारला, तेव्हा आनंदीने हट्ट धरला. जितेंद्रची गाडी केली. जितेंद्र, अक्षयाचा जितूदादा, आमच्या वाडीतलाच, तोंडवलीला येणाऱ्या पर्यटकांना फिरवतो. डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की पडद्याच्या मधोमध इजा झाली आहे. कडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल. वेल्डिंग आता बंद करा. लवूने विचारलं, कधी बंद करू? डॉक्टर म्हणाले, आजच.

आनंदी घरीच थांबली होती, परतताना गाडीत आम्ही तिघेच. मग जितेंद्रलाच राहवलं नाही.

"लवूकाका, आता आरामात बसा. मास्तर तुमका पुस्तकां वाचून दाखयतले."

मी मास्तर कधीच नव्हतो, पण पुस्तकांजवळ बसणारा माणूस गावाला मास्तरच वाटतो.

"तेच्यापेक्षा पुरो आंधळो झालंय तर बरां," लवू म्हणाला.

जितेंद्र हसला. लवू हसला नाही. तो खिडकीबाहेर बघत होता, म्हणजे मान तिकडे होती. थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, आनंदीक वायच कमी करून सांग." मी बरं म्हटलं. त्याला धीर द्यायला हवा होता. मोठा भाऊ मी. डोक्यात जे येत होतं ते सगळं छापील होतं. आणि मग काहीतरी बोलायलाच हवं म्हणून माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"अक्षयाचं पत्र आलेलां," मी म्हटलं. "तिका गाडयेच्या टपार चाकां ठेवूक रॅक होयो. तुझ्याकडसून."

जितेंद्रने आरशातून माझ्याकडे पाहिलं. लवू काहीच बोलला नाही. घरी पोचेपर्यंत नाही आणि जेवतानाही नाही. मला वाटलं, झालं, उरलीसुरली दारंही मी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून लोखंड ओढल्याचा आवाज आला. तेवढा आवाज मला येतो. लवू पाइप निवडत होता. प्रत्येक पाइप उचलून हाताने चाचपायचा, गंज लागलेला बाजूला टाकायचा.

"किती टायर?" त्याने माझ्याकडे न बघता विचारलं.

"चार."

"केदे?"

टायर केवढे ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, तिला लिहून विचारतो. पहिल्यांदाच मला वाटलं की आता पत्र लिहिता येईल, कारण विचारायला साधी गोष्ट आहे.

"काय एक लिवा नको," लवू म्हणाला. "लिवलंस काय डोळ्यांचापण लिवशीत. मगे तां पोर रडत येतला. डोळे गेले म्हणान माका कोणाचा येणा नको आसा."

"मगे माप खंयसून घेवचा?"

"तिचे दोन टायर हत ना पडान शेडीत."

ते नव्हते. आनंदीला बोलावून विचारलं, तेव्हा ती पदराला हात पुसत तिथेच उभी राहिली. म्हणाली, "ते नितेशाक दिलंय मी. नक्षी झिजान गुळगुळीत झाल्ले. होडयेक बांधूक मागी होतो, म्हटलां घेवन जा."

आमच्याकडे टायर म्हणजे हेच. मोटारीचं आयुष्य संपलं की तो होडीच्या कुशीला दोराने टांगला जातो. होडी धक्क्याला लागली की लाकूड घासू नये म्हणून. शर्यतीच्या टायरला मुळातच नक्षी नसते, हे मला पत्रावरून कळलं होतं, पण मी ते आनंदीला सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून सांगवेना.

नितेश मच्छीमार, त्याची होडी तोंडवलीला असते. टपाचं मापही जितेंद्रच्याच गाडीवर मिळणार होतं, म्हणून त्याच्या गाडीतून आम्ही तिकडे गेलो. ओहोटी होती. नितेशची होडी खाडीच्या कडेला एका अंगावर कलून पडली होती आणि कुशीला ओळीने टायर लोंबत होते. अक्षयाचे दोन लगेच ओळखू आले, कारण ते रुंद होते आणि गुळगुळीत. एकावर दोराने खाच पाडली होती. दोन्हींना खालून कालवांचे शिंपले धरायला लागले होते.

नितेश जाळं शिवत होता. तो उठून आला.

"काय ओ लवूकाका, टायर परत होये काय? काकीन दिल्लेले हत, मी काय चोरूक नाय."

"नको रे. माप घेवचा आसा."

"टायराचा माप?"

"शर्यतीचे हत ते," जितेंद्र म्हणाला. "तुका ठावक नाय, तुझी होडी आता पयलो नंबर काढतली."

"म्हणान डिझेल जास्त पिता काय?" नितेश म्हणाला. "नंबर खंयचो मेल्या, काल निम्म्या वाटेर बंद पडली."

लवू चिखलात उतरला होता. त्याने टायरवर दोन्ही हात ठेवले आणि बाहेरून, मग आतून, सगळा फिरवून पाहिला. मी टेप धरली. बाहेरचा व्यास, रुंदी, मधल्या भोकाचा व्यास. मी वाचत होतो आणि तो पुन्हा म्हणून बघत होता. सगळं झाल्यावरही त्याने एक हात टायरच्या आत तसाच ठेवला. दोराच्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिला.  मग लवू हात धुवायला पाण्याकडे गेला आणि पाणी लांब असल्यामुळे बराच चालत गेला.

काम सुरू झालं. डॉक्टरांचं मी एकदाच म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "ह्यां शेवटचां." परत मी तो विषय काढला नाही. काढायला हवा होता का, हे मला आजही ठरवता येत नाही.

बांधणी त्याने डोक्यातच केली होती. टपाच्या दोन्ही कडांना घट्ट धरतील असे चिमटे, त्यांच्यावर आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर दोन बुटके चौकोनी खांब. कासाराच्या दुकानात दांड्यावर बांगड्या ओवलेल्या असतात तसे प्रत्येक खांबावर दोन टायर ओवायचे. खांब टायरच्या भोकात असा नेमका बसणार की घाटात गाडी कितीही कलली तरी टायर तसूभर हलणार नाही. वरून एक लोखंडी फुली आणि पिळाचा नट. लवू त्याला रॅक म्हणायचा. मी मनात घडवंची म्हणायचो. पूर्वी घरात पाण्याचे हंडे ज्याच्यावर ठेवत तसलीच ती दिसत होती.

माझं काम मापं वाचायचं आणि टाका कुठे मारायचा तिथे खडूने रेघ ओढायचं. वेल्डिंगची काळ्या काचेची टोपी घालून मीही बघायचो. ज्योत पेटली की त्याला मधलं काही दिसत नसे. तो मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघून टाका मारायचा.

"बसलो काय?"

"वायच डावीकडे."

"तुझ्या डावीकडे काय माझ्या?"

मला पटकन सांगता येत नसे. एकदा मी चुकीचं सांगितलं आणि सगळा सांधा त्याला कापून काढावा लागला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. पूर्वी असं काम त्याच्या हातून एका दिवसात झालं असतं. आता एक खांब उभा राहायला तेवढा वेळ लागायचा आणि दुपारनंतर तो डोळ्यांवर ओलं फडकं टाकून शेडमध्ये पडून राहायचा. आनंदी दोनदा चहा आणून ठेवायची आणि दोनदा गार झालेला परत न्यायची. आम्ही कोणासाठी काय करतो आहोत हे तिला ठाऊक होतं. आमच्यात त्यावर एक शब्दही होत नव्हता.

तरी काम चांगलं झालं. मला त्यातलं कळत नाही, पण टाके एकसारखे होते. त्याने ते घासून, हात फिरवून, परत घासून, वर होडीला लावतात तो गंजरोधक रंग दिला.

होडीवर नवीन लोखंड चढवलं की नारळ देऊन गाऱ्हाणं घालायची आमची रीत आहे. देवाला हाक मारून, कोणासाठी आणि कशासाठी ते मोठ्याने सांगायचं, आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लवू म्हणाला की हे होडीपेक्षा कमी नाही. जितेंद्रने गाडी अंगणात आणली. रॅक टपावर चढवला, चिमटे आवळले. बरोबर बसला. नितेशने आपल्या होडीचे चार टायर सोडून आणले होते, त्यात अक्षयाचे दोन. ते खांबांवर ओवले. लवूने फुली लावून नट पिळला आणि सगळं धरून जोरात हलवलं. गाडी हलली, टायर हलले नाहीत.

"लवूकाका, ह्यां असांच ऱ्हवांदे माझ्या टपार," जितेंद्र म्हणाला. "पर्यटक इचारतले, खाली होडी खंय गेली."

"तुझ्या गाडयेक मासळीचो वास मारतलो," नितेश म्हणाला.

"आता मारणा नाय काय?"

लवूने नारळ माझ्या हातात दिला. "दादा, मोठो तू. तू घाल गाऱ्हाणा."

घरात मोठा मी आहे, पण गाऱ्हाणं आजवर लवूनेच घातलं आहे. चार माणसांसमोर मोठ्याने बोलायची मला सवय नाही. मी नारळ घेऊन उभा राहिलो. सुरुवात काय असते ते ठाऊक असूनही आठवेना. मग लवूने माझ्या हातातून नारळ परत घेतला.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"आज ह्यो जो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे." तो थांबला. आता नाव घ्यावं लागणार होतं. नाव घेतल्याशिवाय गाऱ्हाणं होत नाही, देवाला कळायचं कसं. आनंदीने हळदी-कुंकवाचं ताट दोन्ही हातांनी धरलं होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"माझां चेडू," लवू म्हणाला, "अक्षया. परमुलखात ऱ्हवता, गाडी पळयता. तिच्या टपार ह्यां लोखंड चढतला. वाटेत, घाटात काय इडापिडा आडवी येत तर ती भायल्याभायर दूर कर."

"व्हय म्हाराजा."

"कोणाच्या तोंडातसून रागान काय शब्द गेलो आसात तर तो पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

"आणि तिचे पाय परत ह्या उंबऱ्याक लाव रे म्हाराजा."

या वेळी जितेंद्र आणि नितेश दोघेच म्हणाले.  

नारळ फुटला. आनंदी पुढे झाली. रॅकला हळद-कुंकू लावलं, वरच्या टायरला लावलं. मग गाडीलाही लावावं म्हणून ती वाकली आणि जितेंद्रच्या गाडीच्या पुढच्या चाकावर बोट टेकवलं. बोट रबरावर न टेकता मधल्या लोखंडावर टेकलं. ती तशीच वाकलेली राहिली.

"हेच्यात लोखंड आसा," ती म्हणाली.

"कशात?"

"चाकात. मधी." ती उभी राहिली आणि टपाकडे बघायला लागली. "अहो, तां पोर नुसते टायर नेता काय चाकां नेता? शर्यतीकडे टायर बदलतत काय चाक बदलतत? हयसून गेला तेवा लोखंडाची चाकां घेवन गेलेला. टायर तेवढे टाकून गेला."

 मग जितेंद्र हसायला लागला आणि मध्येच थांबला. अक्षया टायर रिमवर चढवलेलेच नेणार, हे आता सगळ्यांना दिसत होतं. शर्यतीच्या जागी कोण टायर चढवत बसणार? आणि रिम आत असली की टायरचं पोट बंद. मधोमध फक्त आसासाठी एक लहान भोक. त्यात हा खांब जायचा नाही, त्याचा कोपरासुद्धा जायचा नाही. तिच्या पत्रात 'चाकं' असंच होतं, मी ते कितीतरी वेळा वाचलं होतं. पण चाक म्हटल्यावर आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होडीच्या कुशीला लोंबणारं रबरच आलं. लवू माप घेताना आत हात घालून बसला होता, तेव्हाही कोणाला सुचलं नाही.

लवूने फुली काढली. वरचा टायर उचलला आणि खांबावरून हात फिरवला.

"जल्मभर टायर बघितलंय ते होडयेरच," तो म्हणाला.

"खांब कापून बारीक दांडो बसवलो तर होता," नितेश म्हणाला. "मोठा काम नाय."

"तिच्या रिमांचा माप होया," जितेंद्र म्हणाला. "माझ्या रिमांचा चलाचा नाय. तिची रिमां येगळी हत, हलकी, भायरसून घेतलेली. भोकपण येगळा असतला."

"सोडा ता," लवू म्हणाला. "उतरवा खाली. ऱ्हवांदे."

तो शेडमध्ये गेला. आम्ही टायर उतरवले. नितेशने आपले आणि अक्षयाचेही टायर आणलेल्या टेम्पोत टाकले, संध्याकाळी होडी पाण्यात न्यायची होती. रॅक शेडच्या भिंतीला टेकवून ठेवला. आनंदी ताट घेऊन अंगणातच उभी होती. म्हणाली, "भावोजी, मी बोलाक नको होतंय." मी म्हटलं, तू बोलली नसतीस तर ती चाकं चढवायला गेल्यावर कळलं असतं. पण मलाही मनातून वाटत होतं की ती गप्प राहिली असती तर आजचा दिवस तरी बरा गेला असता.

लवू दोन दिवस शेडमध्ये गेला नाही. पडवीत बसून राहायचा. मी पेपर वाचून दाखवू का विचारलं, नको म्हणाला. मी जवळ जाऊन बसलो की तो माझ्याकडे न बघता माझ्या खांद्याच्या बाजूला बघायचा. मला आधी वाटलं नजर चुकवतो आहे. मग लक्षात आलं की माझा चेहरा दिसावा म्हणूनच तो तसं बघतो आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसलो. या वेळी वाक्यं शोधली नाहीत. लवूने जे म्हटलं होतं ते आठवेल तसं उतरवून काढलं. त्याच्याच भाषेत, मालवणीतच. ती मला लिहायची सवय नाही, पण ते शुद्ध करायला गेलो असतो तर परत फाडलं असतं. वर एवढंच घातलं की तुझ्या बाबांनी रॅक केला आणि त्यावर नारळ फोडून असं गाऱ्हाणं घातलं. खाली लिहिलं की रॅक चुकला आहे. रिमसकट चाकं असतात हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. खांब कापून दांडा घालावा लागेल आणि त्याला तुझ्या रिमचं माप हवं.

पाकीट घेऊन निघालो तर लवू पडवीत होता.

"खंय चल्लंस?"

"पोस्टात."

 मी पायरीवर उभा राहिलो. तो नको म्हणाला असता तर मी परत फिरलो असतो, हे मला माहीत आहे. माझ्यात तेवढाच दम.

"माप लिवन धाडूक सांगा नको," तो म्हणाला. "लिवलेल्या मापार माझो आता इस्वास नाय. गाडी घेवन येवक सांग. चाकां घेवन. हाताक लागल्याशिवाय माका जमाचा नाय."

"बरां."

"डोळ्यांचा लिवा नको."

"नाय लिवणंय."

पोस्टात काउंटरवरच्या मुलीकडून पेन मागून घेतलं. पाकीट अजून चिकटवलं नव्हतं. कागद बाहेर काढला आणि खाली लिहिलं, 'माप कळवू नकोस. गाडी आणि चाकं घेऊन ये. बाबांनी सांगितलं आहे.' डोळ्यांचं लिहिलं नाही. शब्द दिला होता. मग 'घेऊन ये'च्या आधी, वरच्या मोकळ्या जागेत, 'लवकर' एवढा एक शब्द घातला. तो घातल्याने शब्द मोडला की पाळला, ते कळेना. खोडणारही होतो. मुलगी म्हणाली, "काका, पेन होयां."

मी पेन दिलं. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि बाहेरच्या लाल पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही. फटीत बोटं घालून चाचपलं. बोटांना काही लागलं नाही, तेव्हा घराकडे वळलो.